जुन्या भयपटांचे रिमेक करावेत का?

नमस्कार. गाजलेल्या भयपटाचा रिमेक येणार अशी बातमी आली की आपल्याकडे दोन वाक्ये ठरलेली असतात: ‘जुन्याची सर नव्याला येणार नाही’ आणि ‘यांच्याकडे नव्या कथाच उरलेल्या नाहीत’. ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या मल्टिप्लेक्समधून रात्रीचा खेळ सुटल्यावर पार्किंगकडे जाताना हीच चर्चा कानावर पडते. या वाक्यांमागे जुन्या चित्रपटांवरचे खरे प्रेम आहे, हे मी जाणतो. तरीही ती मला मान्य नाहीत, आणि त्याची कारणे आज मांडणार आहे. बोलण्याच्या ओघात काही चित्रपटांची रहस्ये उघड होतील, त्यामुळे ज्यांनी ते पाहिलेले नाहीत त्यांनी आधी पाहून घ्यावेत.

सुरुवात करतो ती माझ्या मते सर्वांत भक्कम पुराव्यापासून. 1951 साली ‘द थिंग फ्रॉम अनदर वर्ल्ड’ नावाचा अमेरिकन चित्रपट आला. उत्तर ध्रुवाजवळच्या तळावरील माणसांना बर्फात गाडले गेलेले यान आणि परग्रहावरचा एक जीव सापडतो. हा जीव धिप्पाड माणसासारखा दिसतो, त्यामुळे शत्रू कोण आणि आपला कोण याबद्दल कोणालाही शंका येत नाही. एका हट्टी शास्त्रज्ञाचा अपवाद सोडला तर सगळे एकदिलाने लढतात आणि शेवटी विजेच्या सापळ्यात त्याला जाळून टाकतात. शीतयुद्धाच्या ऐन भरातल्या प्रेक्षकाला ही भीतीही पटत होती आणि हा दिलासाही.

जॉन कार्पेंटर यांनी 1982 मध्ये ‘द थिंग’ केला, तेव्हा त्यांनी हा दिलासाच काढून घेतला. त्यांचा जीव ज्याला गिळतो त्याचे हुबेहूब रूप घेतो. ही कल्पना जॉन कॅम्पबेल यांच्या 1938 च्या मूळ कथेतच होती आणि 1951 च्या चित्रपटाने ती वगळली होती, म्हणजे इथे रिमेकच मूळ कथेशी अधिक प्रामाणिक राहिला. त्यातला रक्ततपासणीचा प्रसंग पाहा. अंटार्क्टिकावरील तळातली माणसे बांधून ठेवलेली आहेत, प्रत्येकाचे थोडे रक्त वेगवेगळ्या काचेच्या बशीत घेतले आहे, आणि नायक मॅकरेडी तापवून लाल केलेली तार एकेका बशीत बुडवतो आहे. या जीवाचा प्रत्येक कण स्वतंत्रपणे जगू पाहतो, म्हणून त्याचे रक्त चटका बसताच पळेल, असा त्याचा तर्क आहे. पहिल्या काही बश्यांत नुसता चर्र आवाज होतो, आपण सैल होतो, मॅकरेडी दुसऱ्याच माणसाशी वाद घालत बेफिकीरपणे पुढची तार टेकवतो, आणि ते रक्त किंचाळत उसळते. ज्याच्यावर संशय होता तो निघतच नाही. रॉब बॉटिन यांनी केलेले या चित्रपटातले स्पेशल इफेक्ट्स आजही अंगावर येतात, पण या प्रसंगाचे खरे बळ पटकथेत आहे: सोबत्यावर विश्वास ठेवायचा की नाही, हा प्रश्न 1951 मध्ये नव्हता आणि 1982 मध्ये तोच सगळा चित्रपट झाला. स्पीलबर्ग यांच्या ‘ई. टी.’मधल्या प्रेमळ पाहुण्यावर त्याच उन्हाळ्यात लुब्ध झालेल्या प्रेक्षकांनी आणि समीक्षकांनी कार्पेंटर यांना तेव्हा झिडकारले. रिमेकचा निकाल पहिल्या आठवड्यात लावण्याची घाई करू नये, असे मला वाटते ते यामुळेच.

आता उलट उदाहरण. गस व्हॅन सँट यांनी 1998 मध्ये हिचकॉक यांच्या 1960 च्या ‘सायको’चा जवळजवळ दृश्यागणिक, त्याच पटकथेवरून, रंगीत रिमेक केला. नायिकेने चोरलेली रक्कम चाळीस हजार डॉलरवरून चार लाख झाली, संगीत तेच पुन्हा वाजवले गेले, कॅमेरा बहुतेक ठिकाणी तिथेच उभा राहिला. मूळ चित्रपटाच्या वेळी खेळ सुरू झाल्यावर प्रेक्षकांना आत सोडू नये असा हिचकॉक यांचा आग्रह होता, कारण प्रसिद्ध अभिनेत्री मध्यंतराच्या आसपासच मारली जाईल अशी कोणाच्या ध्यानीमनीही शंका नव्हती. 1998 मध्ये ते सर्वांना ठाऊक होते. धक्का ज्या अज्ञानावर उभा होता ते अज्ञानच संपल्यावर दृश्य कितीही काटेकोरपणे उतरवले तरी काय उपयोग?

आपल्याकडचे उदाहरण मला याहूनही मोलाचे वाटते. फाझिल यांचा 1993 चा मल्याळम ‘मणिचित्रताळ’ कन्नडमध्ये ‘आप्तमित्र’, तमिळमध्ये ‘चंद्रमुखी’ आणि हिंदीत ‘भूलभुलैया’ झाला. जुन्या वाड्यातली कुलूपबंद खोली उघडली जाते आणि घरातली ओळखीची सून एकाएकी परक्या भाषेत बोलू लागते, हा त्यातला अंगावर काटा आणणारा क्षण आहे. केरळच्या घरात ती भाषा तमिळ आहे. कन्नड आणि तमिळ रूपांत ती तेलुगू झाली, हिंदीत बंगाली झाली. प्रत्येक दिग्दर्शकाला स्वतःच्या प्रेक्षकाच्या कानाला पुरेशी परकी, पण पूर्ण अनोळखी नसलेली भाषा निवडावी लागली. ‘भूलभुलैया’त विनोदाचा भार जास्त झाला आहे आणि शोभना यांच्या मूळ भूमिकेतली धग त्यात नाही, असे माझे मत आहे, तरीही विद्या बालन बंगालीत गरजतात तेव्हा हिंदी प्रेक्षक दचकतो, हे नाकारता येत नाही.

हाच चित्रपट मराठीत, ठाण्यात घडवायचा ठरवला तर? आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये सकाळी गुजराती, मल्याळम, हिंदी आणि मालवणी एका फेरीत ऐकू येते. इथे परकी भाषा कोणालाही घाबरवणार नाही. नौपाड्यातले जुने वाडे आणि दुमजली इमारती पुनर्विकासात जात आहेत, त्यामुळे कुलूपबंद खोलीचा वाडाही प्रेक्षकाच्या रोजच्या ओळखीचा राहिलेला नाही. रिमेक करणाऱ्याचे खरे काम इथून सुरू होते.

‘लपाछपी’बद्दल थोडक्यात. विशाल फुरिया यांनी स्वतःच्याच मराठी चित्रपटाचा 2021 मध्ये ‘छोरी’ हा हिंदी रिमेक केला. उसाच्या फडात वाट हरवण्याची भीती आणि स्त्रीभ्रूणहत्येचा विषय दोन्हीकडे आहे. हिंदी रूपामुळे ही कथा कितीतरी अधिक लोकांपर्यंत गेली, याचा मला आनंद आहे, पण मूळ चित्रपटातली उषा नाईक यांची तुळसाबाई पाहिलेल्याला हिंदीत नवे फारसे मिळत नाही.

म्हणून एखाद्या मराठी दिग्दर्शकाने जुना भयपट हाती घेतला, तर त्याने वाड्याचा सेट उभारण्यात पैसा घालू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. त्याने कोलशेत किंवा कासारवडवलीच्या तिसाव्या मजल्यावर यावे. तिथे अर्ध्या फ्लॅटमध्ये अजून कोणी राहायला आलेले नाही, प्रत्येक मजल्यावर कॅमेरे आहेत, आणि समोरच्या दारामागे कोण राहते हे वॉचमनच्या वहीत पाहावे लागते. कार्पेंटर यांचा प्रश्न, म्हणजे शेजारी बसलेला माणूस नक्की कोण आहे, इथे विचारण्यासाठी बर्फाची गरज पडणार नाही.