सरकीची ढेप आणि गुलाबी अंडी

श्रोतेहो, नमस्कार. अंड्याच्या पांढऱ्या भागातील प्रथिनांपैकी सुमारे १२ टक्के ओव्होट्रान्सफेरिन असते आणि त्याचा प्रत्येक रेणू लोहाचे दोन अणू धरू शकतो. ही पकड मी पुस्तकात वाचण्याआधी काटोलला, मामीच्या स्वयंपाकघरात पाहिली.

मामी म्हशीसाठी आणलेल्या सरकीच्या ढेपेचा चुरा कोंबड्यांनाही टाकीत असे. एका हिवाळ्यात कित्येक आठवडे टोपलीत साठवलेली अंडी तिने फोडली, तर पांढरा भाग चक्क फिकट गुलाबी! मामांनी दृष्ट लागल्याचे जाहीर केले. मामीने मात्र, "नासली असतील, टाका बाहेर," एवढेच म्हटले, आणि ते योग्यच होते, कारण जिवाणूंमुळेही असा रंग येतो. ढेपेचा संबंध मला फार उशिरा कळला. सरकीच्या तेलातील विशिष्ट मेदाम्लांमुळे पिवळ्या बलकाभोवतीचा पडदा झिरपू लागतो, बलकातले लोह बाहेर येते आणि ओव्होट्रान्सफेरिन ते पकडताच गुलाबी रंग उमटतो. लक्षात घ्या, लोह बलकातले, पकड मात्र पांढऱ्या भागातली.

हीच पकड आपल्या पोटात सुटते. जठरातील आम्लाने ती सैल होते, पाचक रस प्रथिनाचे तुकडे करतात आणि आतड्याच्या पेशी ते तुकडे शोषून घेतात. (तालमीत कच्ची अंडी गिळणाऱ्यांनी माझ्यावर रागवू नये, पण शिजवलेल्या अंड्यातले प्रथिन अधिक चांगले पचते.) सुटलेले लोह पेशीत वेगळ्या वाटेने शिरते, पेशीच्या पडद्यातील फेरोपोर्टिन या लोह बाहेर सोडणाऱ्या प्रथिनातून रक्ताकडे निघते आणि तिथे ट्रान्सफेरिन हे रक्तातले लोहवाहक प्रथिन ते उचलते.

न पचलेले थोडे प्रथिन मात्र अखंड राहते. पेशीचा पडदा आत वळून पिशवी करतो व ते गिळतो. बहुतेक आतच मोडले जाते, अगदी थोडे पलीकडे अखंड उतरते. प्रथिनांचा असा प्रवास पाहण्यासाठी प्रयोगशाळेत काको-२ या आतड्यासारख्या पेशी सच्छिद्र पडद्यावर सुमारे तीन आठवडे वाढवतात, वर प्रथिन घालतात आणि खाली किती उतरले ते मोजतात. ओव्होट्रान्सफेरिन हे अंड्याच्या ओळखलेल्या ॲलर्जीकारक प्रथिनांपैकी एक असल्याने, अंडे न सोसणाऱ्यांच्या बाबतीत हे पलीकडे उतरलेले थोडेसेही महत्त्वाचे ठरते.