जामीन झाला, पण न्यायला कोण?

(ज्येष्ठ नागरिक संघातील व्याख्यानाचं संपादित शब्दांकन. वक्ते निवृत्त परिविक्षा अधिकारी आहेत, म्हणजे मुलाच्या घरची परिस्थिती पाहून मंडळाला अहवाल देणारे प्रोबेशन ऑफिसर.)

नमस्कार मंडळी. निरीक्षणगृह या विषयावर बोला म्हणून तुमच्या सचिवांचा फोन आला, तेव्हाच ओळखलं की कुणीतरी निबंधाचा विषय काढणार. मग मीच काढतो. मे 2024, पुणे, कल्याणीनगर. आलिशान गाडीच्या धडकेत दोन तरुण इंजिनिअर गेले. गाडी चालवणारा मुलगा सतरा वर्षांचा असल्याचं सांगितलं गेलं. त्याच दिवशी जामीन, आणि अटींमध्ये 300 शब्दांचा निबंध. लोक भडकले, ते योग्यच होतं. मग त्याला निरीक्षणगृहात पाठवलं. 25 जूनला मुंबई उच्च न्यायालयाने ते बेकायदा ठरवलं, कारण जामीन रद्द न करता त्याला आत ठेवलं होतं. त्याचा ताबा आत्याकडे दिला. आत्यानेच अर्ज केला होता.

कायद्याच्या दृष्टीने न्यायालयाचं बरोबर होतं असं माझं मत आहे. राग येऊ देऊ नका. मी ज्या पोरांची प्रकरणं हाताळली, त्यांनाही आत्या होत्या. फक्त त्या आत्यांना उच्च न्यायालय कुठल्या स्टेशनला उतरल्यावर लागतं, तेही माहीत नव्हतं.

आपण सगळे ‘रिमांड होम’ म्हणतो. कागदावर ते निरीक्षणगृह. अनाथ, हरवलेल्या, घरातून पळालेल्या मुलांसाठी बालगृह वेगळं असतं आणि ते बाल कल्याण समितीच्या अखत्यारीत येतं. निरीक्षणगृहात येतो तो ज्याच्यावर गुन्ह्याचा आरोप आहे असा अठराच्या आतला मुलगा, आणि तोही चौकशी चालू असेपर्यंतच. ती शिक्षा नव्हे. चौकशीत दोषी ठरला तर पुढे विशेष गृह आहे, तिथे जास्तीत जास्त तीन वर्षं.

2015 चा बाल न्याय कायदा काय म्हणतो बघा. मुलाला पकडलं की 24 तासांच्या आत बाल न्याय मंडळासमोर हजर करायचं. कोठडी नाही, बेड्या नाहीत, पोलिसांनी साध्या कपड्यात यायचं. मंडळात एक दंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते, त्यातली किमान एक बाई. उंच व्यासपीठ नाही, पिंजरा नाही, एका टेबलाभोवती सगळे. आणि कलम 12: जामीन द्यायचा, हा नियम. नाकारायचा तर तीनच कारणं. सुटल्यावर तो सराईतांच्या संगतीत जाईल, त्याला नैतिक, शारीरिक वा मानसिक धोका होईल, किंवा न्यायाचा हेतूच हरवेल. गुन्हा मोठा आहे, एवढं कारण त्या यादीत नाही. याच कलमात पुढे आहे की जामिनाच्या अटी सात दिवसांत पूर्ण झाल्या नाहीत, तर मुलाला पुन्हा मंडळासमोर आणायचं आणि अटी बदलायच्या.

ही सात दिवसांची तरतूद कुणी घातली त्याला माझा नमस्कार. कारण माझ्या नोकरीत मी जे पाहिलं ते हेच: पोरगा आत जातो पोलिसांमुळे, पण आत राहतो तो न्यायला कुणी येत नाही म्हणून.

एका मुलाचं सांगतो, नाव सोडून. बॅगांच्या कारखान्यात कामाला, उत्तर प्रदेशातला. मोबाइलच्या चोरीत सापडला. पहिल्याच तारखेला जामीन. हमीदारही नको, पालकाचा जातमुचलका पुरे. पण पालक गावाला. दिलेला नंबर बंद. कारखान्याचा शेठ म्हणाला, ‘मी ओळखत नाही याला’, कारण ओळखतो म्हटलं तर बालमजूर ठेवल्याचा गुन्हा त्याच्यावर. जामिनाचा आदेश फाइलला लावलेला, आणि पोरगं रोज संध्याकाळी विचारतंय, ‘सर, मेरा कोई आया क्या?’ शेवटी त्याच्या गावच्या पोलीस ठाण्यातून एक चुलता मिळाला. तो आला तेव्हा पोराने त्याला ओळखलंच नाही, इतक्या वर्षांनी भेटला.

इथल्या मुलांचीही गत फार वेगळी नाही. आई येते, पिशवीत रेशनकार्ड, आधार, शाळेचा दाखला. धुण्याभांड्याच्या कामावर खाडा करून आलेली. पुकारा होतो दुपारी, आणि कळतं की आज मंडळाचं कामकाज नाही, पुढची तारीख. पुढच्या तारखेला ती आली नाही, तर फाइलवर शेरा पडतो: पालक गैरहजर. ‘आईला मुलाची काळजी नाही’ असाच त्याचा अर्थ वाचणारा काढतो.

दाखल्यावरून आठवलं. तुमच्यापैकी किती जणांचा वाढदिवस 1 जूनला आहे? बघा, किती हात वर झाले! मास्तरांनी शाळेत नाव घालताना घातलेली तारीख. तुम्हाला त्यामुळे फार तर निवृत्ती वर्षभर अलीकडे-पलीकडे झाली असेल. पण वय ठरवताना कायदा आधी शाळेची नोंद मागतो, ती नसेल तर पालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि काहीच नसेल तर हाडांची तपासणी. म्हणजे दाखल्यावर 1 जूनला अठरा पूर्ण आणि घटना 3 जूनची असेल, तर मास्तरांच्या त्या एका ओळीवर ठरणार, पोरगा मंडळासमोर जाणार की आर्थर रोडच्या तुरुंगात. आई म्हणते, ‘साहेब, हा दिवाळीत झाला हो’. तिच्यावर माझा विश्वास असतो, पण तो मी अहवालात कुठल्या रकान्यात लिहू?

आता आत काय असतं ते. मुंबईचं डोंगरीचं निरीक्षणगृह घ्या. मुंबईत हे काम चिल्ड्रन्स एड सोसायटीकडे, ती 1927 पासूनची, 1924 च्या मुंबई बाल अधिनियमानंतर उभी राहिलेली. जागा मात्र जुन्या तुरुंगाची. 1882 साली टिळक-आगरकरांनी 101 दिवस काढले तो डोंगरीचा तुरुंग तोच. ‘हा तुरुंग नाही’ असं नव्या पोराला सांगायचं आणि मागे ती भिंत, याची मला नेहमी गंमत वाटायची. गंमत म्हणजे चीडच.

नियमात पंचवीस मुलांमागे हजार चौरस फुटांची झोपण्याची खोली सांगितली आहे, म्हणजे माणशी 40 चौरस फूट. मी ज्या घरांत गृहभेटीला जायचो तिथे दहा बाय दहात सहा माणसं. काही पोरं इथे पहिल्यांदा पाय पसरून झोपतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पोटभर जेवून वजन वाढलेलीही पाहिलीत. म्हणून मी या जागेला सरसकट नरक म्हणत नाही. एकाने तर मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, ‘सर, बेल नका घेऊ. भाई बाहेर वाट बघतोय.’ त्याला खरंच आतच ठेवायला हवं होतं, आणि कलम 12 मधला धोक्याचा मुद्दा त्याच्यासाठीच आहे.

पण दिवस जाता जात नाही. सकाळी हजेरी, पीटी, नाश्ता. मग वर्ग. त्या वर्गात एकाला अजून बाराखडी यायचीय, दुसऱ्याची दहावी तोंडावर, तिसरा परवा सुटणार. शिक्षकाने काय शिकवायचं? तात्पुरत्या जागेची ही मोठी अडचण, तिथे काहीच मुळातून सुरू करता येत नाही. दुपारनंतर टीव्ही आणि कॅरम. कॅरमची पावडर संपली की भांडणं सुरू. आणि संध्याकाळी कोपऱ्यात बसून जुनी पोरं नव्यांना शिकवतात. काय, ते विचारू नका. तो वर्ग मात्र कधी बंद पडत नाही.

म्हणूनच चौकशीला मुदत आहे. चार महिने, फार तर आणखी दोन. तीन वर्षांपर्यंत शिक्षेचा किरकोळ गुन्हा असेल आणि तेवढ्यात चौकशी संपली नाही, तर प्रकरण बंद. 1986 साली पत्रकार शीला बरसे यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं होतं की मुलांना तुरुंगात टाकायचं नाही, रिमांड होममध्ये जागा नसेल तर जामिनावर सोडा. तेव्हापासून कायदा तीनदा नव्याने आला. जागा, माणसं, गाड्या मात्र अपुऱ्याच राहिल्या. पोलिसांकडे गाडी नाही, म्हणून मुलगा तारखेला पोचला नाही, असं मी स्वतः लिहून दिलंय.

सोळा ते अठरा वयाच्या मुलावर निर्घृण गुन्ह्यात प्रौढासारखा खटला चालवता येतो, त्यावर मी आज वेळ घालवत नाही. पेपरात तेच असतं. आपल्या फायली बहुतेक चोरी आणि मारामारीच्या.

तुम्ही काय करू शकता, असं मघाशी कुणीतरी विचारलं. पैसे नकोत. कायद्यात ‘योग्य व्यक्ती’ म्हणून तरतूद आहे. मंडळाने पारखून घेतलेल्या माणसाकडे काही काळासाठी मूल सोपवता येतं. तुमच्यासारखे शिक्षक, बँकेतून निवृत्त झालेले लोक, घर मोठं आणि मुलं अमेरिकेत. हसू नका, खरंच सांगतोय. आणि ते झेपणार नसेल, तर मंडळाच्या तारखेला जाऊन बसा. एखाद्या आईला पुकारा कधी, कुठल्या खोलीत, कुठला कागद, एवढं सांगा. ती बिचारी पाण्याच्या कूलरशी उभी असते.

आता प्रश्न. फक्त कुठल्याही मुलाचं नाव किंवा शाळा मला विचारू नका, पुण्याच्या त्या मुलाचंही. कलम 74 खाली ते जाहीर केलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, नाहीतर दोन्ही. आणि माझं पेन्शन काही तेवढं नाही.