घोरपडीला नाव आहे

(एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेतल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, संयोजकांनी मला विषय दिला तो 'थोरपणा: इतिहासातला, दंतकथेतला आणि साहित्यातला'. फोनवर मी हो म्हणून बसलो आणि मग धास्तावलो. विषय इतका ऐसपैस की त्यात सिकंदरापासून आमच्या प्रभागातल्या नगरसेवकापर्यंत कुणालाही बसवता येईल. नगरसेवकाचा तर फ्लेक्सही तयार असतो. तेव्हा मी ठरवलं की एकच रात्र घ्यायची. माघ वद्य नवमी, म्हणजे ४ फेब्रुवारी १६७०. कोंढाणा किल्ला. ही गोष्ट तुम्हा सगळ्यांना पाठ आहे, म्हणूनच घेतली. न ऐकलेल्या गोष्टीत काय बदललं ते कळत नाही.

त्याआधी 'थोर' या शब्दाबद्दल दोन वाक्यं. हा शब्द आपल्या घरात मुळात वयाचा म्हणून वावरतो. थोरला भाऊ, थोरली जाऊ. माधवराव पेशव्यांना आपण 'थोरले' म्हणतो. हे थोरले माधवराव १७७२ साली थेऊरला वारले तेव्हा पुरते अठ्ठावीस वर्षांचेही नव्हते. ते थोरले ठरले, कारण पुढे सवाई माधवराव आले. आता मात्र 'थोरले माधवराव' म्हटलं की आपला कान 'मोठा माणूस' असंच ऐकतो, आणि तो होताही. पण शब्द चिकटला मागून, पुढच्या पिढीच्या सोयीसाठी. हे एवढं लक्षात असू द्या.

आता कोंढाणा. १६६५ च्या पुरंदरच्या तहात महाराजांनी तेवीस किल्ले मोगलांना दिले, त्यात हा होता. पाच वर्षांनी मोगलांशी पुन्हा बिनसलं, आणि गेलेले गड परत घ्यायला सुरुवात झाली. त्यात तानाजी मालुसरे कोंढाण्यावर पडले. घडलं ते एवढं. जेधे शकावलीसारख्या ठिकाणी अशा रात्रीच्या वाट्याला फार तर एखादी ओळ येते. शकावली लिहिणारा माणूस घरच्या हिशेबाची वही लिहावी तशी नोंद करतो: अमुक तिथी, अमुक गड घेतला, अमुक पडला. डोळ्यांतलं पाणी पुसायला त्याला सवड नसते.

पहिल्यांदा सविस्तर सांगतो तो कृष्णाजी अनंत सभासद, महाराजांवरच्या आपल्या बखरीत. १६९७ च्या सुमारास, जिंजीला, राजाराम महाराजांसाठी. म्हणजे घटनेला सत्तावीस वर्षं झाली होती. ऐकणारा राजपुत्र आता स्वतः राजा होता आणि औरंगजेबाच्या वेढ्यात अडकला होता. त्याला 'तुमच्या वडिलांच्या वेळी कसं होतं' हे सांगायचं होतं. तेव्हा बखरीलाही कुणी पंचनामा समजू नये. तिलाही आपलं काम होतं. पण सभासद सांगतो ते नीट ऐका.

तानाजी, हजार मावळ्यांचा सरदार, म्हणाला, कोंढाणा मी घेतो. रात्री गडाखाली गेला. चांगले मर्दाने बघून दोन मावळे निवडले आणि कड्यावर चढवले. ते वानरासारखे चढून गेले. वर जाऊन त्यांनी माळ लावली. माळ म्हणजे दोराची शिडी. त्या माळेवरून तीनशे माणूस वर आलं. किल्लेदार उदेभान रजपूत. दोघे समोरासमोर आले. तानाजीच्या डाव्या हातातली ढाल तुटली, दुसरी वेळेवर मिळाली नाही, मग त्याने डाव्या हाताचीच ढाल केली आणि त्यावर वार झेलत लढला. दोघेही ठार झाले. भाऊ सूर्याजीने हिंमत धरली, लोक सावरले, गड घेतला, आणि पागेच्या घरांना आग लावली. तो उजेड महाराजांनी राजगडावरून पाहिला.

दुसऱ्या दिवशी बातमी गेली, आणि महाराज काय म्हणाले? तुमच्या ओठांवर आलेलं वाक्य सभासदाकडे नाही. तिथे आहे ते असं: "एक गड घेतला, परंतु एक गड गेला."

हे वाक्य मी कितीदा वाचलं असेल, दर वेळी थांबतो. सिंह नाही त्यात. माणूस गेला तो गडाच्या तोलाचा होता, असा सरळ हिशेब आहे. ज्या राजाचं सगळं राज्य गडांवर उभं, त्याच्या तोंडी याहून मोठं माप येणार कुठून? 'गड आला पण सिंह गेला' हे वाक्य घराघरांत पोचलं ते विसाव्या शतकात, हरि नारायण आपट्यांच्या त्याच नावाच्या कादंबरीमुळे. आणि मग आपण उलटा समज करून घेतला की तानाजी सिंहासारखा पडला म्हणून गडाचं नाव सिंहगड पडलं. प्रत्यक्षात ३ एप्रिल १६६३ च्या महाराजांच्या पत्रात गडाचं नाव 'सिंहगड' असंच आहे. तानाजी त्यानंतर जवळजवळ सात वर्षं जिवंत होते. माणसाने गडाला नाव दिलं ही आपली समजूत. सिंह बहुधा गडाच्या नावातून उतरून माणसावर बसला.

हे सांगितलं की काही लोक नाराज होतात. एका गावी भाषणानंतर एक काका माझ्यापाशी आले आणि म्हणाले, "सर, एवढं खरं काढून तुम्हाला मिळालं काय?" प्रश्न रास्त होता. मला काय मिळालं ते सांगतो.

शाहीर तुळशीदासाचा तानाजीवरचा पोवाडा घ्या. डफ-तुणतुण्यावर चार-पाच तास माणसं बसवून ठेवायची तर सभासदाची दोन पानं पुरायची नाहीत. मग जिजाऊ येतात. सकाळची वेळ, हस्तिदंती फणीने केस विंचरताहेत, नजर कोंढाण्यावर जाते. महाराजांना बोलावणं जातं, दोघं सोंगट्या खेळतात, आई डाव जिंकते आणि पैजेत गड मागते. तिकडे उमरठ्याला रायबाच्या लग्नाची तयारी. आधी लगीन कोंढाण्याचं. ऐंशी वर्षांचा शेलारमामा. हे सगळं पोवाड्याचं देणं आहे, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. त्या फणीसाठी मी तुळशीदासाला काहीही माफ करीन. युद्धाची सुरुवात केस विंचरण्यापासून करायला मोठा कारागीर लागतो.

पण पोवाड्यात कड्यावर चढते कोण? घोरपड. तिचं नाव यशवंती. पहिल्यांदा ती अर्ध्यातून परत फिरते, अपशकुन होतो, तानाजी तिला तुकडे करायची धमकी देतो, मग ती चढते. नाट्य झकास आहे. प्राणिशास्त्राने विचारलं तर घोरपड कपारीला घट्ट धरून बसते हे खरं. पण आपण सांगू तिथे आणि आपण सांगू तेव्हा धरते, हे जरा अवघड. आणि ही कल्पनाही तुळशीदासाची एकट्याची नाही. मुधोळच्या घोरपडे घराण्याच्या आडनावाची कथा हीच आहे: बहमनी काळात त्यांच्या पूर्वजांनी घोरपडीच्या मदतीने किल्ला घेतला. म्हणजे ही घोरपड आधीपासून दख्खनभर फिरत होती. चांगला कडा दिसला की चढली.

आता मला सांगा, या अदलाबदलीत गेलं कुणाचं? ते दोन मावळे. अंधारात, दोराशिवाय, सगळ्यांच्या आधी, खाली तीनशे माणसं श्वास धरून उभी असताना बोटांनी कपारी चाचपत गेलेले. पाय सुटला असता तर मेलेच असते, वर आवाज पोचला असता आणि मोहीमही तिथेच संपली असती. सभासदाने त्यांना वानराची उपमा दिली, नावं दिली नाहीत. पोवाड्याने ती दोन माणसं काढून घेतली आणि त्यांच्या जागी घोरपड ठेवली. आणि तिला मात्र नाव दिलं.

काकांना मी तेव्हा एवढंच म्हणालो, की मला दोन माणसं मिळाली.

शत्रूचंही तसंच आहे. सभासदाच्या लेखी उदेभान आणि तानाजी दोघेही मोठे योद्धे. पोवाड्यात उदेभान राक्षस होतो. अठरा बायका, सव्वा मण तांदूळ एका जेवणाला, दाराशी चंद्रावळी हत्ती. ऐकणारी मुलं खिदळत असणार. आपट्यांच्या कादंबरीत तो सती जायला निघालेल्या कमलकुमारीला पळवणारा विषयलंपट माणूस होतो. कादंबरीला खलनायक लागतो आणि खलनायकाला कारण. पहिल्याकडे तो योद्धा होता, दुसऱ्याकडे खादाड, तिसऱ्याकडे लंपट. दर टप्प्यावर तानाजीला उंच करायला म्हणून उदेभानाला खाली ढकललं. पण ज्याच्या हातून तानाजी गेला तो हलका करून तानाजी कसा जड होणार? अडीचशे पानांची कादंबरी लिहिणाऱ्या माणसाला हे कळलं नसेल असं मी म्हणत नाही. वाचकाला ते नको होतं, असं म्हणतो.

अजून एक गंमत. गंमत म्हणतो, कारण हा माझा तर्क आहे, पुरावा नाही. शाळेत आपण शिकलो की तानाजी पडल्यावर लोक पळू लागले, तेव्हा सूर्याजीने दोर कापले आणि 'कड्यावरून उड्या टाका नाहीतर लढा' म्हणाला. सभासदाकडे दोर कापल्याचं नाही. पण तानाजीच्या आयुष्यात एक दोर खरोखर आहे, तो नऊ वर्षं आधीचा. १६६१ साली संगमेश्वरला रात्री छापा पडला. बरोबरचा सरदार पिलाजी नीळकंठ पळू लागला. तानाजीने त्याला ओढत आणलं, धोंड्याला दोराने बांधून टाकलं आणि मग लढायला गेला. महाराजांच्या हयातीतल्या परमानंदाच्या 'शिवभारता'त ही हकीकत आहे. पळणारा माणूस, दोर, आणि 'इथंच थांब' म्हणणारा मालुसरा. मला वाटतं, लोकांच्या आठवणीत संगमेश्वरचा दोर हळूहळू सिंहगडावर आला आणि वाटेत एका भावाच्या हातून दुसऱ्याच्या हाती गेला. मला स्वतःला संगमेश्वरचा तानाजी जास्त आवडतो. वैतागलेला, व्यवहारी, सहकाऱ्याला सामानासारखा बांधून ठेवणारा. त्याच्यावर पोवाडा होणार नाही, पण त्याच्याबरोबर मोहिमेला मी गेलो असतो. बांधलं असतं तरी.

आणि आता नावजी बलकवडे. सभागृहात हे नाव किती जणांना माहीत आहे? हात वर करा. सात... आठ. ठीक. संभाजी महाराजांनंतरच्या धामधुमीत सिंहगड पुन्हा मोगलांकडे गेला. १६९३ च्या पावसाळ्यात नावजी बलकवडे आणि विठोजी कारके यांनी तो परत घेतला. तोच गड, रात्रीची वेळ, कड्याला माळ, निवडक माणसं. वरून पावसाने निसरडा झालेला कातळ. शेवाळलेल्या दगडावर ज्याने कधी पाय ठेवलाय त्याला मी काही समजावून सांगायला नको. गड घेतला आणि नावजी जिवंत खाली उतरले. त्याबद्दल इनाम मिळालं. नाव राहिलं ते कागदांत आणि अभ्यासकांच्या लेखांत.

दोघांच्या कामात मला तरी फारसा फरक दिसत नाही. फरक गोष्टीत आहे. नावजींच्या घरी लग्न ठरलेलं नव्हतं, निदान कुणी तसं सांगितलं नाही. समोर त्यांच्याइतकाच नावाजलेला शत्रू नव्हता. आणि मुख्य म्हणजे ते मेले नाहीत. आपल्याकडे जिवंत परतलेल्या माणसाला इनाम मिळतं, पोवाडा मिळत नाही. काम फत्ते करून धडधाकट घरी येण्यात काहीतरी कमी पडतं, असं आपल्याला का वाटतं हे मला कधी नीट उलगडलेलं नाही. घरी वाट बघणाऱ्यांना तसं वाटत नसणार.

राजाराम महाराजांचं नातं इथेच जुळतं. ज्यांच्यासाठी सभासदाने बखर लिहिली, ते १७०० साली गेले सिंहगडावरच. त्यांची समाधी तिथे आहे. पुण्याहून रविवारी गडावर जाणारी गर्दी तानाजींच्या स्मारकापाशी फोटो काढते, टिळकांच्या बंगल्याकडे डोकावते, आणि या समाधीवरून बरेच जण बोलत बोलत पुढे जातात. जिंजीचा वेढा वर्षानुवर्षं झेलून राज्य टिकवलेला राजा. पण त्याच्या वाट्यालाही घोरपड आली नाही.

गेल्या हिवाळ्यात मी गेलो होतो. तानाजी कड्याच्या बाजूला वारा भणाणतो, कठड्याशी उभं राहून खाली बघितलं की पोटात गोळा येतो. कातळाला आडव्या भेगा आहेत, त्यांतून वाळलेलं गवत. हाताला धरायला तेवढंच. बाजूला एक मावशी ताक आणि मडक्यातलं दही घेऊन बसल्या होत्या. गावातूनच डोक्यावर पाटी घेऊन रोज वर येणाऱ्या. दही देता देता त्यांनी बोट दाखवलं, "हितनं चढली बगा यशवंती."

मी मास्तर माणूस, राहवलं नाही. म्हटलं, मावशी, जुन्या बखरीत घोरपड नाही, दोन माणसं चढली असं लिहिलंय. त्यांनी हातातली मडकी खाली ठेवली. कड्याकडे एकदा पाहिलं. रोज तो चढ चढणाऱ्या बाईचं बघणं होतं ते, माझ्यासारखं नव्हे.

"दोगं?" म्हणाल्या. "दोराबिगर? अंधारात?"

"हो."

"आन् नावं काय त्यांची?"

"नावं लिहिलेली नाहीत."

त्या जरा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "मंग सांगायचं कसं?"

तेवढ्यात पायवाटेवरून कॉलेजच्या पोरांचा घोळका आला. मावशींनी पदर सावरला, मडकी पुढे केली आणि कड्याकडे बोट दाखवून सुरू केलं.