डब्याच्या पाठीवरचा नंबर

[दृश्य: कुर्ला, सीएसटी रोड. शटर वर जातात.]

कुर्ल्याचा सीएसटी रोड. गाडीचा पार्ट हवा असेल तर निम्मी मुंबई इथंच येते. आपण मात्र आलोय ऑइल बदलायला.

[दृश्य: रॅम्पवर डिझेल गाडी. चेंबरचा नट सुटतो.]

ऑइल काढायचं ते इंजिन गरम असताना. गरम ऑइल पातळ असतं, तळाचा गाळ सोबत घेऊन उतरतं. आधी जाड धार, मग बारीक, मग थेंब. शेवटचे थेंब पडेपर्यंत थांबणारा मेकॅनिक चांगला, असं खुशाल समजा. नटाला नवा वॉशर. नव्या फिल्टरच्या रबरी रिंगवर बोटभर ऑइल, आणि फिल्टर आवळायचा हातानेच.

[दृश्य: काउंटरवर डब्यांची रांग.]

इतकं सगळं वर्षानुवर्षं तसंच आहे. बदललंय ते ओतायचं ऑइल. पूर्वी प्रश्न एकच असायचा, जाडी कुठली, वीस-पन्नास की पंधरा-चाळीस? 'मुंबईच्या उकाड्यात जाड ऑइलच बरं' हा सल्ला आजही फुकट मिळतो. पण चालत्या इंजिनातलं ऑइल शंभर अंशांच्या आसपास असतं, बाहेर मे असो की जानेवारी. नव्या इंजिनांचा ऑइल पंप आणि बेअरिंगच्या फटी पातळ ऑइल धरूनच आखलेल्या असतात.

[दृश्य: डबा फिरतो. मागचं लेबल, अगदी जवळून.]

पुढे मोठ्या अक्षरांत ५डब्ल्यू-३०. हे फक्त जाडी सांगतं. ५डब्ल्यू-३० लिहिलेले दोन डबे वेगवेगळ्या इंजिनांसाठी असू शकतात. खरी ओळख मागच्या बारीक अक्षरांत असते. एसीईए ही युरोपातल्या गाडी कंपन्यांची संघटना, तिचा सी३ दर्जा म्हणजे राख कमी, जास्तीत जास्त ०.८ टक्के, आणि १५० अंशांनाही टिकणारा थर. १ एप्रिल २०२० पासून धुराचे बीएस-६ नियम आले आणि डिझेल गाड्यांना डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारे फिल्टर लागले. डीपीएफमधली काजळी जळून जाते, ऑइलमधल्या धातूंची राख जळत नाही, ती साचत राहते. म्हणून कमी राखेचं ऑइल.

त्याखाली गाडी कंपन्यांचे नंबर. मर्सिडीजचा २२९.५१, नंतर २२९.५२. फोक्सवॅगनचा ५०४/५०७, मग ५०८/५०९. हे शेवटचं शून्य-वीस जाडीचं, रंगाने हिरवट. नवा नंबर म्हणजे सगळ्यांना चालणारा, असं धरून चालू नका. पेट्रोल गाड्यांसाठी एपीआय या अमेरिकी संस्थेचा २०२० साली आलेला एसपी दर्जा जुन्या एसएनच्या जागी चालतो, पण फोक्सवॅगनचं ५०८ जुन्या ५०२ नंबरच्या इंजिनात घालायचं नसतं. कंपन्या नंबर बदलतात, पत्रकं काढतात, ती अधिकृत सर्व्हिस सेंटरला पोचतात. या गल्लीपर्यंत कोण आणून देतं? इथला मेकॅनिक फोनवर शोधतो, गिऱ्हाइकाकडून मॅन्युअल मागून घेतो. तेवढी तसदी घेणाऱ्याला 'लोकल' म्हणून नाक मुरडणं बरोबर नाही.

[दृश्य: लेबलवर ग्रीसने माखलेलं बोट.]

आणि ही एक गोम. 'अप्रूव्हड' लिहिलं असेल तर गाडी कंपनीने ते ऑइल तपासून मान्यता दिलेली असते. 'मीट्स' किंवा 'सूटेबल फॉर' हा ऑइलवाल्याचा स्वतःचा शब्द. मर्सिडीजची मान्य ऑइलांची यादी इंटरनेटवर खुली आहे, कुणीही पाहावी.

[दृश्य: एलबीएस मार्ग, संध्याकाळ, गाड्यांची रांग.]

अशा ट्रॅफिकमध्ये गाडी धावते थोडी, इंजिन चालतं फार. डीपीएफमधली काजळी जाळायला लागणारा सलग वेग मिळत नाही, अर्धवट राहिलेल्या प्रयत्नांत त्यासाठी सोडलेलं जादा डिझेल ऑइलमध्ये उतरतं. त्यामुळे खडतर वापरासाठी मॅन्युअलमध्ये जो कमी किलोमीटरचा हिशेब दिलेला असतो, तो मुंबईकराने आपला समजावा.

चुकीच्या ऑइलने डीपीएफ तुंबला तर खर्च मोठा, वॉरंटीचा दावाही अडकू शकतो.

[दृश्य: काळं ऑइल पिंपात.]

जुनं ऑइल घातक कचऱ्यात मोडतं. ते गटारात नाही, अधिकृत रिसायकलरकडे जायला हवं.

[दृश्य: नवं ऑइल. गेज, म्हणजे ऑइल मापायची पट्टी, पुसून पुन्हा आत.]

इंजिन दोन मिनिटं चालवायचं, बंद करायचं, थोडं थांबायचं, मग गेज बघायचं. दोन खुणांच्या मध्ये, वरच्या खुणेच्या जवळ. बिलावर ऑइलचं नाव, मान्यतेचा नंबर आणि किलोमीटर लिहून घ्या. सांगितलं तर इथं लिहून देतात.