चिंचेचा लिलाव आणि सरकारची कमाई

नमस्कार श्रोतेहो. सरकारकडं पैसा कुठनं येतो असं विचारलं की आपण लगेच टॅक्स म्हणतो. इन्कम टॅक्स, जीएसटी, गावात घरपट्टी. पण आज मला बोलायचंय ते कर नसलेल्या कमाईबद्दल, ज्याला सरकारी भाषेत करेतर महसूल म्हणतात. कर नाही, तरी तिजोरीत जमा.

आता बघा, लेकीला गाडीत बसवायला स्टेशनवर गेलात की 10 रुपयांचं प्लॅटफॉर्म तिकीट, ऑनलाइन सहीचा सातबारा काढला की 15 रुपये, माहिती अधिकाराचा अर्ज टाकला की 10 रुपये. ही झाली फी, काहीतरी मिळालं म्हणून दिलेली. मग सरकारी कंपन्यांचा डिव्हिडंड, म्हणजे नफ्यातला वाटा येतो, आणि रिझर्व्ह बँकेनं तर 2024-25 या एका वर्षाचे 2,68,590 कोटी रुपये केंद्राला दिले. खाणीतनं दगड-कोळसा काढला की रॉयल्टी, म्हणजे काढलेल्या मालाचा मोबदला, आणि रॉयल्टी हा कर नाही असं सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांच्या बेंचनं जुलै 2024 मध्ये आठ विरुद्ध एक असं सांगितलं. महाराष्ट्राची लॉटरीसुद्धा आहे, 1969 पासून. ती मला स्वतःला पटत नाही, कारण माझ्या पाहण्यात तिकीट घेणारा बहुतेक हातावर पोट असलेलाच माणूस असतो, आणि सरकारनं त्याच्या खिशातनं आशा विकून पैसे काढू नयेत असं मला मनापासून वाटतं. असो.

आणि मग येतो लिलाव. त्यासाठी मला तुम्हाला आमच्या गावात न्यायचंय.

1990 च्या आसपासची गोष्ट, मी शाळकरी होतो. गावाच्या रस्त्याला ग्रामपंचायतीची चिंचेची चौदा झाडं. दरवर्षी चिंच पिकायला लागली की कोतवाल दवंडी द्यायचा, अमक्या दिवशी पंचायतीपुढं लिलाव. यायचे तेच ते चार व्यापारी. आधी चहाच्या टपरीवर बसायचे, आपसात ठरवायचे, आणि मग एकानं बोलायचं नि बाकीच्यांनी माना खाली घालायच्या. याला लिलावाच्या भाषेत रिंग करणं म्हणतात. आदल्या वर्षी चौदा झाडं 1,400 रुपयांत गेली होती. झाडाला शंभर रुपये!

आमच्या गल्लीत एक मावशी होत्या, मजुरीनं चिंच फोडायच्या. टरफल काढायचं, चिंचोका वेगळा, गर वेगळा, दिवसभर हातोडी टकटक, बोटं आंबटानं चिरलेली. (आता बोललोच आहे तर सांगतो, हल्ली आमटीत टोमॅटो घालतात, पण चिंचगुळाच्या आमटीची सर त्याला नाही, कुणी काहीही म्हणो.) तर त्या वर्षी लिलावाला मावशी आल्या. पदराच्या गाठीत शंभर रुपये अनामत. ग्रामसेवकापुढं ठेवले, म्हणाल्या, माझं बी नाव लिवा.

सगळे बघत राहिले. एक जण म्हणाला, बायका कुठं बोली लावतात का? ग्रामसेवक भला माणूस, म्हणाला अनामत भरली की झालं, बाई-बाप्या असं नियमात कुठं लिहिलेलं नाही.

व्यापाऱ्यानं बोली केली, पंधराशे. मावशी म्हणाल्या, दोन हजार. त्यानं बाकीच्यांकडं बघितलं, बावीसशे. मावशी तीन हजार. मग रिंग फुटली बघा, कारण झाडं हातची जातायत म्हटल्यावर दुसरा व्यापारी स्वतःच बोलायला लागला, साडेतीन, चार, साडेचार. एक जण मावशींना म्हणाला, बाई उगं भाव चढवू नका, अंगावर येईल. त्यावर मावशी जे बोलल्या ते मी आजवर शेकडो वेळा सांगितलंय. म्हणाल्या, "वीस वरसं हीच चिंच फोडतीया मी, कुठल्या झाडाला किती पोती निघत्यात मला ठावं हाय, तुमी मला नगा सांगू."

पाच हजार शंभर. एक वार, दोन वार, तीन वार. झाडं मावशींची!

चौथा हिस्सा जागेवर भरायचा होता, म्हणजे 1,275 रुपये. मावशींनी मागं बघितलं, आणि वडाखाली बसलेल्या सात बाया उठल्या. सगळ्या चिंच फोडणाऱ्या. कुणी पिठाच्या डब्यातले आणलेले, कुणी शेळी विकून. टेबलावर नोटा-चिल्लर मोजायला अर्धा तास गेला.

1,400 ची झाडं 5,100 ला गेली. झाडं तीच, चिंच तेवढीच. वाढीव 3,700 रुपये पंचायतीला मिळाले ते कुणावर एक पैसा कर न वाढवता. शाळेजवळचा आड उघडाच होता, पोरं वाकून बघायची, आयांचा जीव टांगणीला. त्याला त्या पैशातनं दगडी कठडा झाला.

आता ही गोष्ट दिल्लीत न्या. 2008 मध्ये मोबाईलचं टूजी स्पेक्ट्रम, म्हणजे हवेतनं जाणाऱ्या लहरी वापरायचा हक्क, कंपन्यांना लिलाव न करता 2001 च्या भावात दिला गेला. सुप्रीम कोर्टानं 2 फेब्रुवारी 2012 ला 122 लायसन्स रद्द केली. पुढं 2022 मध्ये फाईव्हजीचा लिलाव झाला त्यात साधारण दीड लाख कोटींची बोली लागली. लहरी काय आणि चिंच काय, दोन्ही सगळ्यांच्या मालकीच्या. किंमत ठाऊक पाहिजे आणि बोली उघड्यावर पाहिजे. परत सांगतो, किंमत ठाऊक पाहिजे आणि बोली उघड्यावर पाहिजे.

मावशींचं पुढं काय झालं विचाराल. आठही जणींचे पैसे वसूल होऊन वर मजुरीपेक्षा बरे पैसे सुटले. पुढच्या वर्षी व्यापाऱ्यांनी सुरुवातच चार हजारांनी केली, आणि मावशी परत आल्या होत्या, या वेळी अनामत पदरात नव्हती, हातातच होती.

तुमच्या गावात झाडांचा, बाजाराचा, तळ्यातल्या मासळीचा लिलाव कधी असतो आणि गेल्या वर्षी कितीला गेला, एवढं ग्रामसभेत विचारा. नमस्कार.