बॅट उचलणारा मुलगा

नमस्कार श्रोतेहो.

क्रिकेटमध्ये फलंदाज चेंडू टोलवतो आणि बॅट हातात घेऊनच पळत सुटतो. क्रीजमध्ये टेकवायला ती उपयोगी पडते. बेसबॉलमध्ये चेंडू मारला की बॅट तिथल्या तिथे टाकायची आणि मोकळ्या हातांनी पहिल्या बेसकडे, म्हणजे धाव घेताना गाठायच्या चार टप्प्यांपैकी पहिल्याकडे, धावायचं. मागे उरते ती लाकडी बॅट, साधारण ९०० ग्रॅम वजनाची, होम प्लेटच्या, म्हणजे फलंदाज उभा राहतो त्या जागेच्या, आसपास कुठेतरी पडलेली. पुढचा फलंदाज यायच्या आत ती तिथून हलायला हवी. खेळ थांबला की डगआउटमधून, म्हणजे मैदानाच्या कडेला खेळाडू बसतात त्या बैठ्या छपराखालून, एक मुलगा धावत येतो, बॅट उचलतो आणि तसाच माघारी पळतो. अंगावर संघाचाच गणवेश, डोक्यावर हेल्मेट. हा बॅटबॉय. आज मी त्याच्याविषयी बोलणार आहे.

अमेरिकेतल्या व्यावसायिक बेसबॉलमधली मोठी नावं आपल्याकडे पोचली आहेत. बेब रूथ पोचला, जॅकी रॉबिन्सन पोचला. पण त्या खेळाचा इतिहास वाचताना मला पुन्हा पुन्हा थांबवलं ते या पोरांनी. मोठ्या माणसांच्या, भरपूर पैशांच्या खेळात अगदी मधोमध एक अल्पवयीन मूल उभं आहे, आणि या मुलाशी कसं वागायचं हे त्या खेळाला शंभर वर्षं नीट उमगलं नव्हतं, असं माझं मत आहे.

आधी त्याचा दिवस कसा जातो ते बघू. सामना संध्याकाळी सातचा असला तरी हा दुपारीच मैदानावर हजर. बॅटा रॅकमध्ये ज्याच्या त्याच्या जागी लावायच्या, हेल्मेटं मांडायची, टॉवेल, पाणी, च्युइंगगम आणि सूर्यफुलाच्या बिया भरून ठेवायच्या. बेसबॉलचे खेळाडू त्या बिया सामनाभर चघळत असतात आणि टरफलं तिथेच थुंकतात, तेव्हा शेवटी झाडूही कुणाच्या हातात येणार ते सांगायला नको. फलंदाजीचा सराव सुरू झाला की मैदानभर पांगलेले चेंडू गोळा करायचे. सामन्यात प्लेटमागच्या पंचाला नवे चेंडू नेऊन द्यायचे, आपल्या बाजूला आलेले फाउल, म्हणजे हद्दीबाहेर मारले गेलेले, चेंडू उचलायचे. फलंदाज बेसवर पोचला की कोपराचं आणि नडगीचं कवच काढून देतो, ते धावत जाऊन आणायचं. २०२३ पासून मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक बेसबॉलमध्ये, गोलंदाजीवर घड्याळ आलं आहे. एका फलंदाजानंतर दुसरा तयार व्हायला ३० सेकंद मिळतात. जुन्या काळच्या रमतगमत चालण्याला आता वाव नाही. सामना संपला की खेळाडू आंघोळ करून घरी जातात, आणि बुटांचा चिखल काढणं, कपडे धुलाईला टाकणं, खोली आवरणं सुरू होतं. मध्यरात्र उलटून जाते. मेजर लीगच्या मोसमात प्रत्येक संघाचे १६२ सामने होतात, त्यांतले ८१ घरच्या मैदानावर. या मुलाची शाळा त्यातच बसवायची असते.

पाहुण्या संघाचा बॅटबॉयसुद्धा बहुतेक वेळा यजमान शहरातलाच मुलगा असतो. न्यू यॉर्कचा पोरगा कॅन्सस सिटीचा गणवेश चढवून त्यांच्या डगआउटमध्ये उभा राहतो, आणि चार दिवसांनी बॉस्टनचा चढवतो. मनातून स्वतःच्या शहराचा, पण बॅट उचलायची ती परक्यांची, आणि तितक्याच तत्परतेने. हे मला फार आवडतं.

नियमपुस्तकातही त्याला जागा आहे. मारलेला चेंडू चुकून बॅटबॉयला लागला, त्याने अंग चोरायचा प्रयत्न केला होता, तर चेंडू जिवंत, खेळ पुढे चालू. पण त्याने चेंडू हाताने उचलला किंवा पायाने ढकलला तर तो हेतुपुरस्सर अडथळा धरला जातो, त्याच्या मनात काहीही असो. चेंडू दिसला की झडप घालणं हे कुठल्याही पोराच्या अंगात असतं. बॅटबॉयला पहिला धडा मिळतो तो हात आवरण्याचा.

आपल्याकडे हे काम नेमकं नाही. जवळचं म्हणाल तर सीमारेषेबाहेर चेंडू अडवणारे बॉलबॉय. १९८७ च्या विश्वचषकात वानखेडेवर भारत आणि इंग्लंडचा उपांत्य सामना झाला, तेव्हा चौदा वर्षांचा सचिन तेंडुलकर तिथे बॉलबॉय होता, हे तुम्हाला ठाऊक असेल. पण बॉलबॉय सीमेपलीकडे बसतो. बॅटबॉय खेळाडूंच्या बाकावर असतो, त्यांची थट्टा, त्यांच्या शिव्या, त्यांचं रडणं हे सगळं त्याच्या कानांवर पडतं. नव्या पोराची चेष्टाही होते. जा रे, बॅट लांब करायचं यंत्र घेऊन ये, असं कुणीतरी मोठा खेळाडू गंभीर चेहऱ्याने सांगतो, आणि बिचारा स्टेडियमभर ते यंत्र शोधत फिरतो.

इथपर्यंत सगळं गोड आहे. आता मागे जाऊ या.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला संघ या मुलांकडे शकुन म्हणून बघत. बेसबॉलचे खेळाडू कमालीचे अंधश्रद्धाळू होते, आणि पाठीला कुबड असलेल्या माणसाच्या कुबडाला हात लावला की नशीब फळफळतं, अशी समजूत होती. फिलाडेल्फिया अॅथलेटिक्सने १९१० मध्ये लुई व्हॅन झेल्स्ट या कुबड असलेल्या मुलाला बॅटबॉय म्हणून ठेवलं. त्याच्या काळात संघाने १९१०, १९११, १९१३ आणि १९१४ ही चार वर्षं अमेरिकन लीग, म्हणजे मेजर लीगच्या दोन विभागांपैकी एक, जिंकली. १९१५ मध्ये लुई मूत्रपिंडाच्या विकाराने वारला आणि त्याच मोसमात संघ थेट तळाला गेला. लोकांनी त्याचा संबंध लुईशी जोडला. खरं कारण व्यवस्थापक कॉनी मॅक यांच्या हिशेबाच्या वहीत होतं. पगार परवडेनात म्हणून त्यांनी आपले मोठे खेळाडू विकून टाकले होते, काही स्वतःच निघून गेले होते.

याहून मोठी कहाणी एडी बेनेटची. ब्रुकलिनचा मुलगा. लहानपणी मणक्याला इजा झाली, पाठ वाकली, वाढ खुंटली. आईवडील इन्फ्लुएन्झाच्या साथीत गेले. १९१९ मध्ये शिकागो व्हाइट सॉक्सच्या एका खेळाडूने त्याला न्यू यॉर्कच्या मैदानावर हेरलं आणि शकुनासाठी संघाबरोबर नेलं. त्या वर्षी व्हाइट सॉक्सने लीग जिंकली. पुढच्या वर्षी एडी ब्रुकलिनच्या संघाकडे आला, त्यांनीही लीग जिंकली. वर्ल्ड सिरीज, म्हणजे दोन लीगांच्या विजेत्यांमधली अंतिम मालिका, तेव्हा नऊ सामन्यांची होती. पहिले तीन सामने ब्रुकलिनमध्ये झाले, त्यांतले दोन ब्रुकलिनने जिंकले. पुढचे सामने क्लीव्हलंडला होते. संघ गेला आणि एडीला मागे ठेवलं. क्लीव्हलंडमध्ये ब्रुकलिन ओळीने चारही सामने हरलं आणि मालिका गेली.

एडी १९२१ मध्ये न्यू यॉर्कच्या यांकीजकडे गेला. त्या वर्षी यांकीजनी आपली पहिलीवहिली लीग जिंकली, आणि एडी तिथे असेपर्यंत एकूण सात वेळा. आता तुम्हीच सांगा, बेब रूथ आणि पुढे लू गेरिग ज्या संघात आहेत त्याला शकुनाची काय गरज? पण रूथने होम रन, म्हणजे आपल्या षटकारासारखा फटका, मारला की प्लेटपाशी त्याच्याशी हात मिळवायला एडी उभा असायचा, आणि छायाचित्रकारांना तो हवा असायचा. तो कामही मन लावून करायचा. बॅटांची निगा, फलंदाजांच्या लहरी, रूथचं पोट बिघडलं की त्याला खाण्याचा सोडा आणून देणं. अकरा वर्षं त्याने हे केलं. १९३२ च्या मे महिन्यात एका टॅक्सीने त्याला धडक दिली, पाय मोडला. त्यानंतर तो कामावर नीट परतू शकला नाही. दारू वाढली. जानेवारी १९३५ मध्ये न्यू यॉर्कमधल्या भाड्याच्या खोलीत तो मरण पावला. वय जेमतेम तिशीचं.

एडीला माया मिळाली नाही असं मी म्हणणार नाही. मिळाली. पण ती माया त्याच्या पाठीवरच्या कुबडाला चिकटलेली होती. त्याने हिशेब शिकावा, एखादा धंदा शिकावा, पुढे कसं जगावं, याचा विचार कुणी केल्याचं मला तरी कुठे वाचायला मिळालं नाही. अनाथ मुलाला घरातल्यासारखं वागवायचं आणि घरातल्यासारखी जबाबदारी मात्र घ्यायची नाही, याचा मला राग येतो.

दुसरा प्रसंग १९ जुलै १९५२ चा, जॉर्जिया राज्यातल्या स्टेट्सबरो गावचा. मेजर लीगमधली वर्णबंदी मोडणाऱ्या जॅकी रॉबिन्सनला तिथे येऊन पाच वर्षं झाली होती, पण जॉर्जिया स्टेट लीग या खालच्या दर्जाच्या व्यावसायिक लीगमध्ये अजून एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. फिट्झजेराल्ड पायोनियर्सचा संघ १३-० असा मार खात होता. त्यांचा बॅटबॉय जो रेलफर्ड, बारा वर्षांचा, कृष्णवर्णीय. प्रेक्षक ओरडू लागले, त्या बॅटबॉयला उतरवा! बारा वर्षांच्या मुलाची गंमत बघायची होती त्यांना. व्यवस्थापक चार्ली रिजवे यांनी पंचांना विचारलं, पंच एड क्युबिक यांनी होकार दिला, आणि जो खरंच फलंदाजीला गेला.

त्याने चेंडू मारला. जमिनीवरून चेंडू तिसऱ्या बेसकडे गेला आणि तो पहिल्या बेसवर बाद झाला. मग तो क्षेत्ररक्षणाला मैदानाच्या मध्यभागी खोलवर गेला आणि तिथे त्याने एक सुंदर झेल घेतला. गोऱ्या प्रेक्षकांनी मैदानात धाव घेतली, मारायला नव्हे, कौतुकाला. कुणी पाठ थोपटली, कुणी खिशात पैसे कोंबले.

पंच क्युबिक यांना लीगने काढून टाकलं. रिजवे यांना ५० डॉलर दंड आणि पाच दिवसांची बंदी. आणि जोची बॅटबॉयची नोकरी गेली. प्रेक्षकांनी मागितलं, मोठ्यांनी परवानगी दिली, आणि बारा वर्षांच्या पोराच्या हातून काम काढून घेतलं. व्यावसायिक बेसबॉलमधला सर्वांत लहान वयाचा खेळाडू म्हणून आज त्याचं नाव घेतलं जातं.

सगळंच काही असं नव्हतं. बाल्टिमोर ओरिओल्सकडे १९६६ पासून जे मॅझोन हा मुलगा बॅटबॉय होता. अगदी लहानपणी भाजल्यामुळे त्याचे दोन्ही हात गेले होते. हातांच्या जागी धातूचे आकडे होते, त्यांनी तो बॅटा उचलायचा. सुरुवातीला खेळाडूंना त्याच्याकडे बघावं की नजर चुकवावी हे कळेना. सामना जिंकल्यावर या संघात एक लुटुपुटीचं न्यायालय भरायचं, न्यायाधीश फ्रँक रॉबिन्सन. कुणाला दंड करायचा यावर अंगठा वर किंवा खाली करून मतं द्यायची. एकदा रॉबिन्सनने जाहीर केलं की जेने मत दिलं नाही, सबब त्याला दंड! क्षणभर सगळे गप्प, मग हशा, आणि त्यात जेही सामील. पुठ्ठ्याचा अंगठा कापून त्याला देण्यात आला, म्हणजे पुढच्या वेळी दंड नको. त्या दिवसापासून तो बाकीच्यांसारखाच झाला. दया दाखवली असती तर तो वेगळाच राहिला असता.

आणि एक गोष्ट जी सांगताना जीभ जड होते, पण लपवून चालणार नाही. बॉस्टन रेड सॉक्सच्या क्लबहाउसचा, म्हणजे खेळाडूंच्या खोल्यांचा, व्यवस्थापक डोनाल्ड फिट्झपॅट्रिक याने फ्लोरिडातल्या मोसमापूर्वीच्या वसंत शिबिरात काम करणाऱ्या कृष्णवर्णीय मुलांवर वर्षानुवर्षं लैंगिक अत्याचार केले. २००२ मध्ये त्याने न्यायालयात गुन्हा कबूल केला, आणि २००३ मध्ये क्लबने पीडितांशी तडजोड केली. पोरांना हवं असलेलं जग ज्याच्या हातात होतं, त्याने त्याच हव्यासाचा फायदा उठवला. पालकांनी हे ऐकायला हवं. आपल्याकडच्या मैदानांवर आणि शिबिरांतही मुलं एखाद्या मोठ्या माणसाच्या मर्जीवर अवलंबून असतात.

वयाचा नियम मात्र दुसऱ्याच प्रसंगामुळे आला. २४ ऑक्टोबर २००२, सॅन फ्रान्सिस्को, वर्ल्ड सिरीजचा पाचवा सामना. जायंट्सचे व्यवस्थापक डस्टी बेकर यांचा मुलगा डॅरेन त्या दिवशी बॅटबॉय होता. वय साडेतीन वर्षं. चेंडू अजून खेळात असतानाच तो बॅट आणायला प्लेटकडे निघाला. जे. टी. स्नो धाव पूर्ण करून प्लेटवर पोचला होता, आणि त्याच्या मागून दुसरा धावक डेव्हिड बेल भरधाव येत होता. स्नोने धावता धावता पोराच्या जॅकेटला धरून त्याला वर उचललं आणि बाजूला नेलं. एक क्षण उशीर झाला असता तर काय झालं असतं, हे त्या चित्रफितीत स्पष्ट दिसतं. २००३ पासून मेजर लीगने बॅटबॉयचं किमान वय चौदा ठरवलं.

पण तो नियम मेजर लीगपुरता. २०१५ मध्ये कॅन्ससमधल्या विचिटा इथे हौशी संघांच्या स्पर्धेत नऊ वर्षांचा एक बॅटबॉय, डोक्यावर हेल्मेट असतानाही, सराव म्हणून फिरवलेल्या बॅटचा फटका लागून दगावला. नऊ वर्षांच्या मुलाने तिथे असायलाच नको होतं, असं मी ठामपणे म्हणतो.

आज मोठ्या क्लबांमध्ये हे काम बरेचदा सज्ञान तरुण करतात. जून २०२४ मध्ये शिकागोत लॉस एंजेलिस डॉजर्सच्या डगआउटवर एक फाउल चेंडू सुसाट आला, नेमका शोहेई ओहतानीच्या दिशेने. ७० कोटी डॉलरचा करार झालेला खेळाडू. बॅटबॉय हाव्हियर हेरेरा याने तो नुसत्या हाताने अडवला, ओहतानीच्या पुढ्यात. ओहतानीने नंतर जगासमोर त्याला आपला हीरो म्हटलं.

आणि डॅरेन बेकर? तो मोठा होऊन बेसबॉलच खेळला. १ सप्टेंबर २०२४ रोजी वॉशिंग्टन नॅशनल्सकडून मेजर लीगमध्ये पहिल्यांदा फलंदाजीला उभा राहिला, आणि आलेल्या पहिल्याच चेंडूवर त्याने हिट मारला, म्हणजे चेंडू टोलवून बेस गाठला.

श्रोतेहो, तुमचं कुणी अमेरिकेत असेल, कधी तिथे सामना बघायचा योग आला, तर जरा लवकर जा आणि डगआउटच्या जवळची जागा मिळाली तर घ्या. फलंदाजाने बॅट टाकली की सगळ्यांच्या नजरा चेंडूमागे जातात. तुम्ही त्या वेळी बॅटकडे बघत राहा. नमस्कार.