डावी पावलं, उजवी पावलं

श्रोतेहो, नमस्कार.

पूर्वी गोव्याचा माणूस परदेशी जायचा तो पोटासाठी. बोटीवर, नाहीतर आखातात. आता म्हापशाला किंवा मडगावला ट्रॅव्हल एजंटांच्या दुकानांवरून चालत गेलात तर बँकॉक, हनोई, सिएम रीप अशी नावं फलकांवर दिसतात. हौसेने जाणारे वाढलेत, आणि जावंच. त्यातल्या काही मुलामुलींना मात्र नुसतं फिरून, खाऊन, फोटो काढून बरं वाटत नाही. त्यांनी कुठेतरी वाचलेलं असतं की तिकडे सुरुंगाने पाय गेलेल्या लोकांना कृत्रिम पाय बसवून देणारी केंद्रं आहेत आणि तिथे प्रवाशांना सेवा करता येते. मग मला फोन येतो, ‘मावशी, तुम्ही जाऊन आलात ना? आम्हाला जमेल का?’

मी बँकेत आयुष्य काढलेली बाई. डॉक्टर नाही, फिजिओथेरपिस्ट नाही. तरी माझं उत्तर ठरलेलं असतं: जमेल, पण पायाला हात न लावता. हे ऐकून समोरचा जरा हिरमुसतो. का हिरमुसतो तेही मला कळतं. गुडघ्यावर बसून एखाद्या लहान मुलीला पाय बसवायचा, ती पहिलं पाऊल टाकणार, आपल्या डोळ्यांत पाणी, हे चित्र मनात घेऊन माणूस निघालेला असतो. त्या चित्रात आपणच मध्यभागी असतो, एवढंच त्याचं दुखणं.

कृत्रिम पाय म्हणजे काय, ते मी आमच्या दादाच्या पायावरून शिकले. साखरेने त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली गेला. पाऊल, नळी, बोल्ट हे सगळं दुकानातून आणता येतं. खरी गोम असते ती सॉकेटमध्ये, म्हणजे उरलेला पाय ज्यात शिरतो त्या पेल्यात. आधी उरलेल्या पायावर प्लास्टर ऑफ पॅरिसची ओली पट्टी गुंडाळून साचा घेतात. त्या साच्यात पुन्हा प्लास्टर ओतून त्या पायाची हुबेहूब मूर्ती काढतात. आणि मग ती मूर्ती हुबेहूब राहू देत नाहीत. कानस घेऊन गुडघ्याच्या वाटीखालच्या जाड शिरेपाशी प्लास्टर खरवडतात, कारण तिथे भार सोसतो. बाहेरच्या बाजूला जिथे हाडाचं टोक त्वचेला भिडलेलं असतं तिथे उलट प्लास्टर चढवतात, कारण तिथे भार मुळीच सोसत नाही. त्यावर तापवून मऊ केलेलं प्लास्टिक चढवलं की सॉकेट झालं. दोन-चार मिलिमीटर इकडेतिकडे झाले तर आठवड्याभरात फोड येतो. साखरेच्या माणसाला तो फोड कळतही नाही, आणि त्याचं पुढे काय होतं ते आपल्या घराघरांत माहीत आहे.

म्हणून म्हणते, कानशीला हात लावायचा नाही. आपल्या देशात या कामासाठी रीतसर शिक्षण आणि भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी लागते. तसा 1992चा कायदाच आहे. जे काम फोंड्याला करायची परवानगी नाही, ते कंबोडियातल्या गरीब माणसावर करून बघायचं, हे कुठल्या न्यायात बसतं?

दादाची आणखी एक गोष्ट सांगते. त्याचा पहिला पाय बुटात घालायचा होता. रस्त्यावर छान चालायचा. मग मंगेशीला गेलो. देवळात जायचं म्हणून बूट काढला, आणि सपाट अंगणात दादा मागे कलंडायला लागला! त्या पायाची जुळणी बुटाच्या टाचेची उंची धरून केलेली. बूट गेला, टाच खाली गेली, आणि कोणीतरी गुडघा मागे ढकलावा तसं त्याला झालं. पाश्चात्त्य देशांत ही अडचण फारशी येत नाही, कारण तिथे माणूस दिवसभर बुटात. आपण देवळात अनवाणी, स्वयंपाकघरात अनवाणी, शेतात चिखलात. शिवाय दादा भजनात पखवाज वाजवायचा, त्याला मांडी घालून बसायचं होतं.

जयपूर फूट जन्माला आलं ते नेमकं या गरजांतून. 1968च्या सुमारास रामचंद्र शर्मा नावाचे कारागीर आणि डॉक्टर प्रमोद करण सेठी यांनी रबर आणि लाकूड वापरून असं पाऊल केलं की उकिडवं बसता येईल, मांडी घालता येईल, अनवाणी आणि पाण्यातही चालता येईल. शर्मांचं शिक्षण बेताचं होतं. ट्रकचे टायर रिमोल्ड होताना पाहून त्यांना रबराची कल्पना सुचली असं सांगतात. सेठींना 1981मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. शर्मांचं, म्हणजे मास्टरजींचं, नाव मात्र त्या मानाने मागे राहिलं. पुढे देवेंद्र राज मेहता यांनी 1975मध्ये जयपूरला भगवान महावीर विकलांग सहायता समिती काढली. ती हे पाय फुकट बसवते आणि परदेशांतही शिबिरं घेते. तेव्हा बाहेर सेवा करायला निघालेल्या आपल्या मुलांनी हे ध्यानात ठेवावं की या विषयात आपला देश नुसता घेणारा नाही, देणाराही आहे.

आता तिकडचं सांगते. लाओसवर 1964 ते 1973 या काळात अमेरिकेने वीस लाख टनांहून अधिक बॉम्ब टाकले. त्यांतले पुष्कळसे गुच्छबॉम्ब. आत टेनिसच्या चेंडूएवढे छोटे गोळे, तिथले लोक त्यांना ‘बॉम्बी’ म्हणतात. त्यांतले जवळजवळ आठ कोटी फुटलेच नाहीत असा अंदाज आहे. युद्धाच्या कितीतरी नंतर जन्मलेलं पोर शेतात चेंडू समजून ते उचलतं. लाओसच्या राजधानीत, व्हिएन्तियानला, कृत्रिम पाय देणाऱ्या कोप नावाच्या संस्थेचं माहिती केंद्र आहे, कोणालाही पाहता येतं. तिथे छताला टांगलेले जुने पाय आहेत, गावकऱ्यांनी स्वतःच लाकडाचे, पत्र्याचे, बॉम्बच्या भंगाराचे केलेले. ते पाहिल्यावर माणूस किती वर्षं डॉक्टरची वाट न बघता चालत राहिला, ते समजतं.

थायलंडच्या सीमेवर माय सोत या गावी डॉक्टर सिंथिया माँग यांनी 1989मध्ये म्यानमारमधून पळून आलेल्या लोकांसाठी दवाखाना काढला, तिथेही पाय तयार होतात. काबूलला रेड क्रॉसच्या केंद्रात अल्बेर्तो काइरो हे इटालियन गृहस्थ 1990पासून काम करताहेत. मुळात वकील, नंतर फिजिओथेरपिस्ट झाले. त्यांच्या केंद्रात पाय बनवणारे, शिकवणारे, हिशोब ठेवणारे बहुतेक सगळे लोक स्वतःच अपंग. मला हे फार पटतं. मीही जिथे होते तिथे पाय बनवणाऱ्यांपैकी एकाचा स्वतःचा पाय नकली होता. नवा रोगी रडकुंडीला आला की तो व्याख्यान देत बसायचा नाही. पँट वर करून स्वतःच्या नळीवर टिचक्या मारायचा. त्या आवाजाने जे काम व्हायचं ते माझ्या दहा गोड वाक्यांनी झालं नसतं. शिवाय मला भाषा तरी कुठे येत होती!

मग मी तिथे केलं काय? मला कोठीत बसवलं. कोठीत मांडणीवर रबराची पावलं. डावी वेगळी, उजवी वेगळी, आणि प्रत्येकाच्या तळव्यावर सेंटिमीटरमध्ये माप. म्हणजे तसं असायला हवं होतं. परदेशांतून देणगीची खोकी आलेली, वेगवेगळ्या कंपन्यांचे सुटे भाग, बोल्ट काही मिलिमीटरचे, काही इंचांचे, एकाचा सांधा दुसऱ्याला बसत नाही. चोवीसची डावी पावलं ढीगभर आणि सव्वीसचं उजवं एकही नाही. एक मनुष्य लांबून बस बदलत आला आणि नेमकं त्याच्या मापाचं पाऊल नाही म्हणून परत गेला, हे मी पाहिलं. बँकेतल्या बाईला याचा राग आला आणि तो कामी आला. मी रजिस्टर केलं: काय आहे, काय संपत आलंय, काय कशाला बसतं. दुपारी मोजे धुवायचे. सॉकेटच्या आत घालायचे सुती मोजे असतात, घामाने ओले होतात, आणि मळका मोजा म्हणजे जखमेला आमंत्रण. वाळत घातलेले ते टोपड्यासारखे मोजे वाऱ्यावर हलताना मजा वाटायची. संध्याकाळी पोरांबरोबर भिंतीवर चेंडू टाकायचा, म्हणजे त्यांच्या आया सुखाने चालायचा सराव करत. माझ्या मते अशा पाहुण्यांकडून याहून मोठी अपेक्षा केंद्रानेही करू नये.

एकदा कोठीच्या दारातून एक गंमत पाहिली. एका शेतकरी बाईला पाय टोचत होता, नेमका कुठे ते सांगता येईना. त्या नकली पायवाल्या कारागिराने खणातून लिपस्टिक काढली! लालभडक. दुखऱ्या जागेवर ठिपका लावला, पाय सॉकेटमध्ये घालायला लावला, उभं केलं, काढला. सॉकेटच्या आत त्याच जागी लाल डाग. तेवढाच भाग त्याने घासला. बाई चार पावलं चालली, थांबली, लिपस्टिककडे बोट दाखवून काहीतरी म्हणाली आणि सगळा कारखाना हसला. मला अर्थ कोणी सांगितला नाही, पण तो ओळखायला भाषा लागत नव्हती.

अशी दुरुस्ती एकदा करून भागत नाही. पाय कापल्यानंतरच्या पहिल्या वर्षात उरलेला भाग आक्रसत जातो, सॉकेट ढिलं होतं. मोठ्या माणसाचा पाय साधारण तीन ते पाच वर्षांनी बदलावा लागतो, वाढत्या मुलाचा सहा महिन्यांपासून वर्षाच्या आत. रेड क्रॉसचा हिशोब असा की दहा वर्षांच्या मुलाचा पाय गेला तर उरल्या आयुष्यात त्याला सुमारे पंचवीस पाय लागतील. थायलंडमध्ये मोशा नावाची हत्तीण आहे, पिल्लू असतानाच सुरुंगावर पाय पडला. तिथल्या डॉक्टर तेर्दचाई जीवकेत यांनी तिला पाय करून दिला. ती वाढत गेली, वजन वाढत गेलं, तसे पुन्हा पुन्हा नवे करावे लागले. पंधरा दिवसांसाठी येणारा पाहुणा यांतल्या एका पायाला साक्षी राहील. बाकीचे चोवीस तिथलाच माणूस करणार. म्हणून देणगी द्यायचीच झाली तर पाय बनवायला शिकणाऱ्या तिथल्या मुलामुलींच्या शिक्षणाला द्या. कंबोडियात 1994पासून हे शिकवणारी शाळा आहे.

काही व्यवहाराच्या गोष्टी भराभर सांगते. अनेक देशांत पर्यटक व्हिसावर बिनपगारी कामसुद्धा चालत नाही. केंद्राला आधी विचारा, कागदपत्रं तेच सांगतील. जी कंपनी तुमच्याकडून भरमसाट पैसे घेऊन ‘रोग्यांवर प्रत्यक्ष काम’ करायला देते म्हणते, तिच्या वाटेला जाऊ नका. कापलेल्या उघड्या पायाचे फोटो काढू नका. आपल्या आजोबांचा तसा फोटो कुणी फेसबुकवर टाकलेला चालेल का, एवढं विचारा स्वतःला. आणि घरात कुणी गेलेल्या माणसाचा कृत्रिम पाय माळ्यावर पडला असेल, तर सॉकेट दुसऱ्याला चालत नाही, पण पाऊल, नळी, गुडघ्याचा सांधा काही ठिकाणी घेतात. बॅगेत भरून निघण्याआधी कोणती कंपनी, कुठलं माप, हे लिहून कळवा. कोठीतल्या बाईचे आशीर्वाद मिळतील.

फिजिओथेरपीचं शिक्षण घेतलेल्यांची गोष्ट निराळी. त्यांना करण्यासारखं पुष्कळ आहे. कापलेला पाय दुखतो, जागेवर नसलेल्या बोटांना खाज सुटते, हे तुम्ही ऐकलं असेल. दादा रात्री उठून चादरीवर खाजवायचा. डॉक्टर विलयनूर रामचंद्रन यांनी 1990च्या दशकात यावर आरशाचा उपाय सुचवला: धडधाकट हातापायाचं प्रतिबिंब गेलेल्याच्या जागी दिसेल असा आरसा धरायचा आणि हळूहळू हालचाल करायची. सगळ्यांना गुण येतो असं नाही, पण आरशाला वीज लागत नाही. शिकलेल्या माणसाने तिथल्या चार जणांना हे नीट शिकवलं तर तो परतल्यावरही ते चालू राहतं.

परदेश म्हटलं की सुरुंग आठवतात. गोव्यात सुरुंग नाहीत, पण 2023मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचं प्रमाण गोव्यात सगळ्यांत जास्त निघालं, 26.4 टक्के. त्यात आपल्या दुचाक्या. तेव्हा तिकीट काढण्याआधी सराव म्हणून आपल्याच वाड्यावरच्या एखाद्या काकांना तपासणीला घेऊन जा, तिथे दोन तास बाकावर बसा, मोजे धुऊन द्या. कंटाळा आला नाही, तर मग केंद्राला पत्र लिहा. तारखा कळवा, हाताला काय येतं ते कळवा: शिवण, सुतारकाम, हिशोब, इलेक्ट्रिशियनचं काम. ‘काहीही करीन’ असं लिहू नका. त्याचा त्यांना उपयोग नसतो. महिनाभर उत्तर आलं नाही तर समजा, त्यांना तेव्हा माणूस नको आहे. तरीही जा. व्हिएन्तियानचं ते माहिती केंद्र बघा, पेटीत पैसे टाका, आणि बाहेर पडून नूडल्स खा. तिकडे मिळतात त्या फार चांगल्या असतात.

नमस्कार.